मुलाच्या उंचीवरून सात मिनिटं: बालसंरक्षणाच्या प्रशिक्षणात व्हीआर कसं वापरतात

पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर असतात. तिथून पाहिलं तर दाराची मूठ थेट नाकासमोर येते, टेबलावर काय ठेवलंय ते नीट दिसत नाही, आणि जवळ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाचा चेहरा पाहायचा तर मान पार मागे टाकावी लागते. नाही टाकली, तर दिसतात फक्त गुडघे, कमरेचा पट्टा आणि हात. ‘मुलाशी बोलताना त्याच्या उंचीला या’ हे वाक्य या क्षेत्रातल्या प्रत्येकानं प्रशिक्षणात ऐकलेलं असतं, वहीत उतरवलेलंही असतं. तरी प्रत्यक्ष भेटीत, घाईत, हातात फाइल असताना, बोलणं उभ्यानंच होतं. ऐकलेलं अंगवळणी पडत नाही, ही या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाची जुनीच अडचण. आभासी वास्तव, म्हणजे व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून आपण दुसऱ्याच जागी आहोत असा अनुभव देणारं तंत्र), इथे काही प्रमाणात कामाला येतं. किती प्रमाणात, कसं आणि कुठे ते उलटं पडतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

हे प्रशिक्षण मुलांसाठी नसून मोठ्यांसाठी आहे, एवढं आधी स्पष्ट करू. मारहाण, दुर्लक्ष, लैंगिक अत्याचार किंवा आई-वडिलांपासून ताटातूट सोसलेल्या मुलांसोबत काम करणारे समाजकार्यकर्ते, समुपदेशक, बालगृहांतले काळजीवाहक, प्रतिपालक कुटुंबं (दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळणारी), शिक्षक, पोलिस, डॉक्टर हे त्याचे प्रशिक्षणार्थी. मुलांच्या डोक्यावर हेडसेट चढवायचा नाही. बहुतेक उत्पादक १० ते १३ वर्षांखालच्या मुलांना हेडसेट देऊ नका असं स्वतःच सांगतात. शिवाय भेदरलेल्या मुलाचं आजूबाजूचं जग अचानक झाकून टाकणं हे मुळातच चूक.

मेंदू फसतो, पण किती?

हेडसेटमध्ये दोन डोळ्यांसमोर दोन किंचित वेगळी चित्रं असतात आणि डोकं वळलं की चित्रही वळतं. डोक्याची हालचाल आणि चित्रातला बदल यांमध्ये साधारण २० मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला नाही, तर मेंदू ‘मी इथेच आहे’ असं धरून चालतो. आपण एका खोलीत खुर्चीवर बसलोय हे माहीत असतं, तरी दृश्यातला माणूस अंगावर ओरडला की पाठ मागे जाते. मेल स्लेटर या संशोधकानं २००९ मध्ये याचे दोन भाग वेगळे करून मांडले. एक, मी त्या जागी आहे असं वाटणं. दोन, इथे जे घडतंय ते खरंच घडतंय असं वाटणं. पहिला भाग यंत्र सांभाळतं. दुसरा संहिता, अभिनय आणि बारकावे सांभाळतात. बालसंरक्षणाच्या बऱ्याच फिल्म पहिल्या भागात उत्तम आणि दुसऱ्यात कच्च्या असतात. खलनायकासारखा ओरडणारा बाप दिसला की पाहणारा मनातल्या मनात म्हणतो, हे नाटक आहे. आणि मग तो कितीही उत्तम हेडसेटमध्ये नाटकच पाहत राहतो.

२०१३ मध्ये स्लेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढांना व्हीआरमध्ये चार वर्षांच्या मुलाचं शरीर दिलं. समोरच्या आरशात ते शरीर त्यांच्या हालचालींसोबत हलत होतं. तुलनेसाठी काहींना तेवढ्याच उंचीचं, पण मोठ्या माणसाच्या बांध्याचं शरीर दिलं. दोन्ही गटांना वस्तू होत्या त्याहून मोठ्या वाटल्या. मुलाच्या शरीरातल्यांना त्या आणखी मोठ्या वाटल्या. आभासी शरीराच्या हालचालींचा मेळ मोडल्यावर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे नुसती नजर खाली आणणं पुरेसं नाही, ‘हे शरीर माझं आहे’ असं वाटल्यावर परिणाम वाढतो. पुढे २०१८ मध्ये आयांना चार वर्षांच्या मुलाच्या आभासी शरीरात बसवून समोरची आभासी ‘आई’ त्यांच्याशी एकदा प्रेमानं आणि एकदा कठोरपणे वागते, असा प्रयोग झाला. कठोर वागण्याच्या अनुभवात भीती जाणवली आणि त्यानंतर सहानुभूती वाढलेली दिसली. प्रयोग छोटा, अवघ्या २० आयांचा. त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत.

आता थंड पाणी. व्हीआर आणि सहानुभूती यांवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की व्हीआरमुळे भावना हलतात, पण दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करण्याची क्षमता त्यामुळे वाढत नाही. घसा दाटून येणं वेगळं आणि ‘या मुलीनं भाकरी उशीखाली का लपवली असेल’ याचा विचार करता येणं वेगळं. दुसरी गोष्ट कष्टाची आहे. तिला भाषा लागते, वेळ लागतो, कोणीतरी प्रश्न विचारावे लागतात. म्हणून सात मिनिटांच्या दृश्यामागे किमान अर्धा-पाऊण तास चर्चा ठेवायची नसेल, तर हेडसेट विकत घेऊ नयेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

कशासाठी वापरायचं

या क्षेत्रात व्हीआरचे तीन उपयोग होतात आणि तिन्हींना लागणारं यंत्र, मेहनत, माणसं वेगवेगळी असतात. मुलाच्या नजरेतून प्रसंग दाखवणं हा पहिला. यासाठी ३६० अंशांची, म्हणजे चहूबाजूंचं चित्र एकाच वेळी टिपणारी फिल्म पुरते. दुसरा, गृहभेटीचा किंवा तपासणीचा सराव: काय दिसलं, काय सुटलं. तिसरा, मुलाशी बोलण्याचा सराव, ज्यात समोरचं आभासी मूल तुमच्या प्रश्नानुसार उत्तर देतं. संस्था हौसेनं पहिल्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात, कारण पहिल्यात टाळ्या आणि डोळ्यांत पाणी दोन्ही लगेच मिळतं. रोजच्या कामात फरक मात्र तिसऱ्यानं जास्त पडतो.

मुलाच्या नजरेतली फिल्म

कॅमेरा हाच मूल. पाच वर्षांचं मूल उभं असेल तर भिंगं १०० सेंटिमीटरवर, जमिनीवर बसलं असेल तर ५० सेंटिमीटरच्या आसपास, पाळण्यात असेल तर गादीच्या पातळीवर, गजांच्या आत. या पद्धतीचा एक मोठा फायदा सहसा कोणी बोलून दाखवत नाही: कॅमेराच मूल असल्यामुळे हिंसेच्या दृश्यात खऱ्या बालकलाकाराला उभं करावं लागत नाही. बाळाचं रडणं, भावंडाचा आवाज हे ध्वनी वेगळे मिळवून नंतर जोडता येतात.

कॅमेरा एकदा ठेवला की हलवायचा नाही. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला ती जाणवत नाही, आणि या विसंगतीतून मळमळ होते. मुलाला कडेवर उचलून नेण्याचं दृश्य कागदावर फार परिणामकारक वाटतं. चित्रित केलं की चार-पाच जणांपैकी एखादा हमखास हेडसेट काढून पाणी मागतो. त्याऐवजी चित्र काळं करावं, पावलांचा आणि दाराचा आवाज ठेवावा, आणि नव्या खोलीत उजेड आणावा.

माणसं कॅमेऱ्यापासून एक मीटरच्या आत आली की दोन भिंगांची चित्रं जिथे शिवली जातात त्या रेषेवर चेहरा फाटतो. जवळ यायचंच असेल तर नटानं एका भिंगाच्या बरोबर मध्यात राहावं, शिवणीवर नाही. खाली पाहिल्यावर तिवई दिसते आणि भास तिथेच तुटतो. कॅमेऱ्याखाली छोटी पँट आणि बूट घातलेल्या बाहुलीचे पाय किंवा पांघरूण ठेवण्याची युक्ती स्वस्त आणि कामाची. चित्रण ‘८के’मध्ये करा असं सांगतात ते उगाच नाही. ७६८० बिंदूंची रुंदी पूर्ण वर्तुळात पसरलेली असते आणि पाहणाऱ्याच्या नजरेत एका वेळी साधारण त्याचा चौथा भाग येतो. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २००० बिंदूंचंच चित्र हाती राहतं. त्याहून कमी घेतलं तर चेहऱ्यावरचे भाव पुसट होतात, आणि या फिल्ममध्ये सगळा जीव चेहऱ्यावरच्या भावांत असतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दरानं आठ मिनिटांची फाइल साधारण ६ गिगाबाइट होते. ती इंटरनेटवरून चालवायचा विचार सोडून द्या, प्रत्येक हेडसेटमध्ये आधीच उतरवून ठेवा.

संहितेबद्दल. मुलाच्या मनातले विचार निवेदनातून ऐकवू नका. ‘मला खूप भीती वाटतेय’ असा आवाज आला की पाहणाऱ्याचं काम संपतं. त्याऐवजी एका वेगळ्या खोलीतला भांडणाचा आवाज, मग अचानक शांतता, मग दाराखालच्या फटीत थांबलेली सावली. धोका दिसण्याआधी ऐकू येतो. दीर्घकाळ हिंसेत वाढलेलं मूल पावलांच्या आवाजावरून घरातलं वातावरण ओळखतं, ते असंच. फिल्ममधले मोठे लोक एकसुरी दुष्ट नसावेत. दमलेली, घाबरलेली, मधूनच प्रेमानं जवळ घेणारी आई दाखवली की चर्चेत कस लागतो. आणि मदत करणाऱ्यांचाही प्रसंग हवा: नव्या घरातली पहिली रात्र. तिथली बाई गोड बोलते, हात धरून खोली दाखवते, ‘आता झोप हं’ म्हणते, दिवा मालवते आणि दार लावून घेते. तिनं काहीच वाईट केलेलं नाही. पण एक मीटरवरून ते बंद होणारं दार कसं दिसतं, हे प्रतिपालक होऊ घातलेल्यांनी एकदा पाहिलेलं बरं.

गृहभेटीचा सराव

इथे प्रशिक्षणार्थी स्वतःच्याच भूमिकेत असतो. आभासी घरात किंवा चित्रित केलेल्या खऱ्या घरात तो सहा-सात मिनिटं असतो, पालकाशी बोलणं चालू असतं, आणि बारीकसारीक गोष्टी चहूबाजूंना घडत असतात. ३६० अंशांचा खरा फायदा हाच. सपाट पडद्यावरच्या फिल्ममध्ये दिग्दर्शक तुमची नजर हवी तिथे नेतो. इथे पाठीमागे दारात उभं असलेलं दुसरं मूल पाहायचं की नाही हे तुम्हीच ठरवता. गप्पिष्ट, हसतमुख पालकाकडे लक्ष खिळून राहतं आणि मूल नजरेआड होतं. हीच चूक खऱ्या भेटींतही होते.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात डॉक्टरांसमोर आभासी बाप आणि मुलगा आणले. बाप स्वतःच्या तब्येतीसाठी आलेला. मुलाशी त्याचं वागणं काही डॉक्टरांसमोर उघडपणे खटकेल असं ठेवलं, काहींसमोर जेमतेम जाणवेल असं. डॉक्टरांनी तपासणीनंतर काय नोंदवलं, हे मुख्यतः पाहिलं गेलं. रचना हुशारीची आहे, कारण खऱ्या कामातही धोका ‘मी धोका आहे’ अशी पाटी घेऊन येत नाही. दुसऱ्याच कामाच्या मध्ये डोकावून जातो.

असं दृश्य बांधताना दहा-बारा खुणा पेराव्यात आणि त्यांतल्या किमान चार फसव्या ठेवाव्यात. पसरलेली भांडी, उडालेला रंग, एकाच खोलीत झोपणारी पाच माणसं: यांतली एकही गोष्ट दुर्लक्षाचा पुरावा नाही. गरिबी आणि दुर्लक्ष यांची गल्लत हा या क्षेत्रातला जुना रोग आहे, आणि पसारा म्हणजे धोका असं शिकवणारं व्हीआर तो रोग वाढवतं. उलट, नीटनेटक्या घरातलं मूल बापाचा हात वर गेला की डोळे मिटतं, ही खूण एका सेकंदाची आणि महत्त्वाची.

हेडसेट काढल्यावर लगेच दहा मिनिटं लेखी नोंद करायला लावा, बोलायच्या आधी. कागदाचे दोन रकाने: ‘पाहिलं-ऐकलं’ आणि ‘मला वाटलं’. ‘मूल घाबरलेलं होतं’ हे दुसऱ्या रकान्यात जातं. ‘आईचा आवाज चढला तेव्हा मूल दोन पावलं दाराकडे सरकलं आणि पुढे तीन मिनिटं तिच्याकडे पाहिलं नाही’ हे पहिल्या. बालकल्याण समितीपुढे किंवा न्यायालयात टिकतो तो पहिला रकाना. नंतर सगळ्यांचे कागद शेजारी ठेवून एकाच घरात कोणी काय पाहिलं हे ताडून पाहायचं. हेडसेटनं नजर कुठे गेली याचा माग ठेवला असेल तर तोही दाखवता येतो, पण तो फक्त त्या व्यक्तीला, सगळ्यांदेखत नाही.

बोलण्याचा सराव

अत्याचाराबद्दल मुलाशी बोलणं हे वेगळंच कौशल्य आहे. चुकीच्या प्रश्नानं मूल गप्प बसतं किंवा प्रश्नकर्त्याला हवं ते उत्तर देतं, आणि मग खरी घटनाही सिद्ध करणं अवघड होतं. मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत तयार केलेली मुलाखतीची ‘एनआयसीएचडी’ पद्धत (हे तिथल्या बालआरोग्य संशोधन संस्थेचं लघुनाम) या कामासाठी जगभर वापरली जाते. तिचा क्रम असा: ओळख, नियम समजावणं (माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण, अंदाज बांधू नको, मी चुकलो तर मला दुरुस्त कर), विश्वासाचं बोलणं, एखाद्या साध्या प्रसंगावर, उदाहरणार्थ गेल्या वाढदिवसावर, मोकळेपणानं सांगण्याचा सराव, आणि मगच मुख्य विषय. मुख्य विषयात आधी मोकळे प्रश्न. ‘काय झालं ते सगळं सांग.’ मग मुलाच्याच शब्दाला धरून, ‘तू म्हणालीस तो खोलीत आला, त्यानंतरचं सांग.’ ‘हो-नाही’चे प्रश्न शेवटी आणि गरजेपुरते. ‘त्यानं तुला हात लावला ना?’ हा प्रश्न कधीच नाही.

हे सगळं दोन तासांच्या व्याख्यानात पाठ होतं आणि पहिल्याच खऱ्या मुलाखतीत विस्कटतं. कारण सरावाला समोर मूल नसतं. सहकाऱ्यानं मुलाची भूमिका करायची तर मोठा माणूस मोठ्या माणसासारखंच बोलतो, आणि खऱ्या मुलांवर सराव करणं तर शक्यच नाही. ही पोकळी आभासी मूल भरून काढतं. फ्रान्सेस्को पोम्पेद्दा, पेक्का सान्तिला आणि सहकारी यांनी केलेल्या अभ्यासांत प्रौढांनी पडद्यावरच्या आभासी मुलांच्या मुलाखती घेतल्या. त्या मुलाच्या उत्तरांमागे प्रत्यक्ष मुलांच्या संशोधनावर बेतलेल्या शक्यता होत्या: मोकळ्या प्रश्नाला खरा तपशील मिळण्याची शक्यता जास्त, सुचवणाऱ्या प्रश्नाला चुकीचा तपशील मिळण्याची शक्यता जास्त. प्रत्येक मुलाखतीनंतर दोन गोष्टी सांगितल्या जात: तुझ्या प्रश्नांपैकी कोणते बरोबर, कोणते चूक, आणि खरं काय घडलं होतं. अभिप्राय मिळालेल्यांचे मोकळे प्रश्न वाढले. अभिप्रायाशिवाय नुसता सराव करणाऱ्यांत तशी सुधारणा दिसली नाही. यात लक्षात घेण्यासारखं म्हणजे ते काम मुख्यतः साध्या संगणकाच्या पडद्यावर झालं. हेडसेट नसेल तर हा सराव अडत नाही. अभिप्राय नसेल तर मात्र अडतो.

मूल बोलतं कसं, याच्या दोन पद्धती. जुनी आणि भरवशाची: पडद्यामागे बसलेला प्रशिक्षक साठ-सत्तर आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या उत्तरांमधून बटण दाबतो. नवी: आवाज ओळखणारी प्रणाली आणि भाषेचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं मॉडेल स्वतःच उत्तर तयार करतं. नॉर्वेतले संशोधक बोलक्या आभासी मुलांवर याच दिशेनं काम करत आहेत. नव्या पद्धतीचा मोह मोठा आहे, पण तिच्या खोडी माहीत हव्यात. असं मूल फार आज्ञाधारक होतं. सहा वर्षांचं असून पूर्ण, व्याकरणशुद्ध वाक्यांत बोलतं. न लिहिलेला तपशील स्वतःच रचतं, त्यामुळे नंतर ‘खरं काय होतं’ याचा अभिप्राय देताच येत नाही. बोलीभाषेतला प्रश्न त्याला चुकीचा ऐकू येतो आणि भलतंच उत्तर मिळाल्यावर प्रशिक्षणार्थी यंत्राला हसतो. गांभीर्य तिथेच संपतं.

बटणांच्या पद्धतीत सगळ्यात उपयोगी बटण शांततेचं. मोकळा प्रश्न विचारल्यावर मूल आठ-दहा सेकंद काहीच बोलत नाही, बोटांशी खेळतं, जमिनीकडे पाहतं. आठ सेकंद वाचायला काहीच नाहीत. समोर बसल्यावर संपता संपत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला प्रशिक्षणार्थी अस्वस्थ होतो आणि स्वतःच पर्याय देऊ लागतो: ‘काका रागावले होते का? की दुसरं कोणी?’ सुचवणारे प्रश्न बहुधा अशा शांततेत जन्माला येतात. ध्वनिमुद्रण परत ऐकवलं की ते त्यालाच कळतं, वेगळी टीका करावी लागत नाही.

सत्र कसं घ्यायचं

आठ ते दहा माणसं, चार-पाच हेडसेट, दोन प्रशिक्षक, तीन तास. एक प्रशिक्षक यंत्रं सांभाळतो, दुसरा फक्त माणसं पाहतो. ही दोन कामं एकाच माणसाकडे दिली की यंत्र जिंकतं आणि कोपऱ्यात कोणाचा तरी श्वास भरून आलाय हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आदल्या दिवशीच्या सूचनेत दृश्यात काय आहे ते ढोबळपणे सांगून ठेवा: भांडण, आरडाओरडा, एकटं पडणं. धक्का देण्यासाठी लपवू नका. या क्षेत्रात येणाऱ्या काही जणांचं स्वतःचं बालपणही असंच गेलेलं असतं, आणि ते कोण हे तुम्हाला माहीत नसतं. ज्याला नको असेल त्यानं कारण न सांगता सपाट पडद्यावर पाहावं किंवा निरीक्षक व्हावं. तो पर्याय सुरुवातीलाच, सगळ्यांना सारखाच सांगितला तर कोणी वेगळं पडत नाही. फेफरं येण्याचा त्रास असलेल्यांनी हेडसेट लावू नये.

हेडसेट चढवण्याआधी तीन गोष्टी शिकवायच्या: त्रास झाला तर आधी डोळे मिटा, मग हात वर करा, मग हेडसेट काढा. डोळे मिटल्याबरोबर दृश्य संपतं, हे साधं असूनही घाबरलेल्या माणसाला सुचत नाही. हेडसेट घातलेल्या माणसाला आधी आवाज दिल्याशिवाय स्पर्श करायचा नाही; हिंसेचं दृश्य पाहताना खांद्यावर अचानक पडलेला हात फार वाईट घाबरवतो. बसायला गोल फिरणारी, पण चाकं नसलेली खुर्ची. भोवती हात पसरता येतील एवढी मोकळी जागा.

चित्र धूसर दिसतंय अशी तक्रार येतेच. निम्म्या वेळा हेडसेट नाकावर खाली घसरलेला असतो. उरलेल्यांत दोन भिंगांमधलं अंतर जुळलेलं नसतं. प्रौढांच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असतं, पण माणसागणिक ते बरंच बदलतं. चष्मा असेल तर चष्मा आणि भिंग यांत अंतर ठेवणारी पट्टी लावा, नाहीतर चष्मा आणि भिंग दोघांनाही ओरखडे पडतात. जांभया, घाम, चेहरा पांढरा पडणं ही मळमळीची पहिली लक्षणं. ‘थोडा धीर धरा, सवय होईल’ असं म्हणू नका. तिथेच थांबवा, पंधरा-वीस मिनिटं बसू द्या, आणि त्या माणसानं लगेच गाडी चालवू नये.

बिघाड बहुतेक ठरलेले असतात. सत्राच्या दिवशी सकाळी हेडसेट स्वतःहून अपडेट व्हायला बसतो, म्हणून आदल्या दिवशी सगळे चालू करून पाहावेत. चार्जिंग दोन तासांच्या आसपास टिकतं, तेव्हा दोन गटांच्या मध्ये ते पुन्हा लावावे लागतात. कोणाला काय दिसतंय हे टॅबलेटवर पाहायचं असेल तर कार्यालयाचं वाय-फाय बरेचदा आडवं येतं, कारण तिथे एका यंत्राला दुसरं दिसू देत नाहीत. स्वतःचा छोटा राउटर न्यावा. चेहऱ्याला लागणारी गादी दर माणसामागे पुसायची, भिंगं फक्त कोरड्या मऊ फडक्यानं. अल्कोहोलनं भिंगांवरचा थर खराब होतो. आणि हेडसेट उन्हात उघडा ठेवला तर त्याचीच भिंगं ऊन गोळा करून आतला पडदा जाळतात. खिडकीशेजारचं टेबल टाळा.

हेडसेट उतरल्यावर

पहिली दोन मिनिटं काहीच विचारू नका. पाणी, पाय जमिनीवर, खोलीतल्या खऱ्या वस्तूंवर नजर. मग चर्चेचा क्रम महत्त्वाचा. आधी शरीर: कुठे ताण आला, कधी मान वळवावीशी वाटली, कधी पाहावंसं वाटलं नाही? मग घटना: नेमकं काय झालं, कशानंतर काय? सर्वांत शेवटी काम: तुमच्या ओळखीतल्या एखाद्या मुलाचं कोणतं वागणं आता वेगळं दिसतंय, आणि पुढच्या भेटीत तुम्ही कोणतं एक वाक्य किंवा कृती बदलाल? उत्तर ‘मी जास्त संवेदनशील होईन’ असं आलं तर स्वीकारू नका. ‘दार लावण्याआधी विचारेन, उघडं ठेवू का’ हे उत्तर चालतं.

या चर्चेत ठराविक गाड्या ठराविक रुळांवरून घसरतात. कोणीतरी म्हणतं, ‘आता मला कळलं मुलाला काय वाटतं.’ नाही कळलं. सात मिनिटांत संपणार हे तुम्हाला माहीत होतं, आणि पट्टा सैल करून बाहेर येता येत होतं. मुलाला दोन्ही नसतं. दुसरा रूळ रागाचा: सगळी चर्चा आई-बापांना दोष देण्यात जाते, आणि त्याच आई-बापांसोबत उद्या काम करायचंय हे विसरलं जातं. तेव्हा प्रशिक्षकानं फिल्ममधल्या आईचा दमलेला क्षण पुन्हा आठवून द्यावा. तिसरा रूळ शांत असतो. एखादी व्यक्ती काहीच बोलत नाही, हसून वेळ मारून नेते. तिला सगळ्यांसमोर बोलतं करायचा प्रयत्न नको. सत्रानंतर बाजूला एक साधा प्रश्न आणि दुसऱ्या दिवशी एक फोन. समुपदेशकाचा संपर्क सत्राआधीच सगळ्यांच्या कागदावर छापलेला असावा.

उपयोग झाला का, हे सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अर्जावरून कळत नाही. ‘अनुभव कसा वाटला’ला सगळेच पाचपैकी पाच देतात. मोजायचं असेल तर कृती मोजा. मुलाखतीच्या सरावात शंभर प्रश्नांमागे मोकळे किती, सुचवणारे किती, हे पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी. गृहभेटीच्या नोंदींत ‘पाहिलं-ऐकलं’ या रकान्यातली वाक्यं किती. बालगृहात रात्रपाळीला मुलांच्या खोलीत जाण्याची पद्धत बदलली का. मोजमापाचे आकडे प्रशिक्षणापुरतेच राहतील, बढती-बदलीच्या फाइलीत जाणार नाहीत, हे लेखी द्यावं लागतं. दिलं नाही तर माणसं हेडसेटमध्येही परीक्षा दिल्यासारखी वागतात, मोकळे प्रश्न घोकून येतात, आणि आभासी मूल गप्प बसलं की पुन्हा चौथ्या सेकंदाला बोलून टाकतात.